समोरच्या डोंगराला हाक

एकदा एका डोंगरावर एक वृद्ध मांत्रिक राहत होता आणि रोज सायंकाळी तो समोरच्या डोंगराला आपल्या रानाची हकिकत ऐकवत असे. समोरचा डोंगर ऐकून घेई. उत्तर मात्र कधी येत नसे.

ज्या मुलखातली ही गोष्ट, तिथे डोंगर पुष्कळ, आणि प्रत्येक डोंगराला एक मांत्रिक अशी पूर्वापार व्यवस्था होती. आता मांत्रिक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लिंबू, बिब्बा आणि कवटी आली असेल, तर ती कृपा करून बाजूला ठेवा. हे मांत्रिक रानाचे होते. पेटलेला वणवा शब्दाने बसवावा, रुसलेल्या झऱ्याची समजूत काढावी, चुकलेल्या पाडसाला त्याच्या आईकडे वळवावे, ही यांची कामे. त्यांची सारी विद्या कंठात होती. काठी असलीच तर ती टेकायला.

या म्हाताऱ्याला खालच्या गावची माणसे झाडबुवा म्हणत. नाव चेष्टेने पडले होते, पण खोटे नव्हते. सकाळी उठल्यावर उंबराची विचारपूस केल्याशिवाय हा गृहस्थ चूळ भरत नसे. कारवीची फांदी वाटेत आडवी आली तर ती मोडण्याऐवजी स्वतः वाकून जाई, आणि वर 'चालू दे तुझं' असे तिला सांगून जाई. दिवसभर तो रानात हिंडे. कुठे काय फुलले, कोण व्याले, कोणाचे घरटे पडले, सगळे पाहून घेई.

त्याची एक शिष्या होती, भिवरा. कोवळी पोर नव्हे हं. तिशी उलटलेली, धडधाकट बाई. तिची आई गेली आणि घरात दुसरे माणूस उरले नाही. बाहेरून आली की जुन्या सवयीने ती उंबऱ्यातूनच 'आई गं, आले' म्हणायची, आणि आतून काहीच यायचे नाही. ते गप्प घर तिला खायला उठे. म्हणून ती घराला कडी घालून डोंगर चढली. विद्या शिकायला आले असे तिने बुवांना सांगितले. खरे पाहता तिला कोणीतरी बोलणारे हवे होते, आणि नशीब असे, की गाठ पडली झाडांशी बोलणाऱ्या माणसाशी! बुवा तिला प्रेमाने शिकवीत, पण गप्पा मारणे त्यांना जमत नसे. जेवताना दोघांमध्ये शांतताच जास्त असे.

संध्याकाळ झाली की बुवा कड्याच्या टोकाशी जाऊन उभे राहत. खाली खोल दरी, दरीत गर्जत जाणारी नदी, आणि पलीकडे तो दुसरा डोंगर. दोन्ही हात तोंडाशी धरून बुवा हाक देत. मंत्राने धाडलेली हाक नदीच्या गर्जनेवरून सरळ पलीकडे जाई.

"ओऽऽ समोरचे! आहात का? आमच्याकडं अंजन फुलून निळा झालाय बरं! सांबरीण पिलाला घेऊन पाण्यावर आली. शेकरानं जुनं घरटं टाकलं, नवं बांधायला घेतलंय. तुमच्याकडं काय?"

मग ते थांबत. समोरच्या डोंगरावर सावली चढत चढत माथ्याला टेकली, की स्वतःशीच 'बरं' म्हणून माघारी फिरत.

हे 'बरं' भिवराला सहन होत नसे. तिने एकदा विचारले, "बुवा, तिकडं आहे तरी कोण?"

"आवडाई होती. माझी गुरुबहीण. आम्ही दोघं एकाच गुरूंकडं शिकलो. मोठी तोंडाळ बाई! माझं एक वाक्य होईतो तिची दहा व्हायची." बुवा हसले. "रोज संध्याकाळी एकमेकांच्या रानाची खबर घ्यायची असा डोंगरांचा रिवाज आहे. मग एका पावसाळ्यानंतर तिची ओ यायची थांबली."

"तुम्ही जाऊन पाहिलं नाही?"

"ओ नसताना दुसऱ्याच्या डोंगरावर पाऊल ठेवत नाहीत, भिवरे. मांत्रिक गेला की डोंगर रानाचा झाला. तिथं मग माणसानं जायचं नाही. तेवढी तरी जागा रानाला नको का?"

"मग हाक कशाला देता?"

"सवय," ते म्हणाले, आणि चुलीत लाकूड सारत बसले.

भिवराच्या मनात ते घर करून राहिले. रिकाम्या घरात मारलेल्या हाकेचे काय होते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? या भल्या माणसाला एक ओ मिळावी, एवढेच तिला वाटले. आणि माया अनावर झाली की माणूस जे करतो तेच तिने केले. विचारायचे सोडून परस्पर उद्योग केला.

त्या रानात एक भृंगराज होता. काळाकुळकुळीत पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना पिसांचे झुबके. कोणाचाही आवाज हुबेहूब काढण्यात याचा हात धरणारा नाही. भिवराला खिळवण्याचा मंत्र येत होता. बुजलेल्या जनावराच्या पायातला काटा काढण्यापुरते त्याला क्षणभर जागीच थांबवावे, यासाठी बुवांनी तो शिकवला होता; सोडवल्याशिवाय तो आपोआप सुटत नसे. भिवराने भृंगराजाला माणसाची ओ शिकवली, ती दरीपार पोचावी म्हणून तिला मंत्र लावला, त्याला पलीकडच्या कड्यावरच्या काटेसावरीवर धाडले आणि इकडूनच मंत्र टाकून तिथेच फांदीला खिळवून टाकले. बुवांची हाक आली की ओ द्यायची, एवढेच त्याचे काम. यात काही वाईट आहे असे तिच्या मनातही आले नाही. उलट दिवसभर ती गुणगुणत होती.

त्या संध्याकाळी बुवांनी हाक दिली, रानाची खबर सांगितली आणि शेवटी विचारले, "तुमच्याकडं काय?"

"ओऽऽ! आहे, आहे!"

बुवांनी भिवराचे मनगट घट्ट धरले. "ऐकलंस? अगं, ऐकलंस का?"

"ऐकलं, बुवा."

म्हातारा मटकन खाली बसला आणि रडला. मग डोळे पुसून हसला. "आवडीचा आवाज नाही हा. कोवळा आहे. कोणीतरी नवा आलाय गं तिकडं! नवा आहे, म्हणून लाजतोय." त्या दिवशी जेवताना बुवा बोलत होते. गुरूंकडचे दिवस, आवडाईची भांडणे, एकदा दोघांनी मिळून अस्वलाची मनधरणी कशी केली, सगळे सांगितले. भिवराचा जीव तृप्त झाला. घर सोडल्यापासून इतकी सुखाची झोप तिला लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बुवा कड्यावर लवकरच गेले आणि दगडावर बसून राहिले. सावली चढू लागली तरी ते उठेनात.

"बुवा, हाक द्यायची ना?"

"आता पाळी त्याची," बुवा प्रसन्नपणे म्हणाले. "ज्याला ओ मिळाली त्यानं गप्प बसायचं आणि समोरच्याला बोलू द्यायचं. तो रिवाजच आहे. इतक्या वर्षांत वेळच आली नाही, म्हणून तुला सांगायचं राहिलं."

पक्ष्याला भिवराने ओ द्यायला शिकवले होते. हाक त्याला कुठे येत होती?

समोरून काही आले नाही. दुसऱ्या दिवशी आले नाही, तिसऱ्या दिवशी आले नाही. पूर्वी बुवा थोडे थांबत आणि परत येत. आता अंधार दाटेपर्यंत कानाला हात लावून बसू लागले. आणखी एक गोष्ट झाली, आणि ती भिवराला अधिक भयंकर वाटली. बुवांनी रानात हिंडणे सोडले. अंजनाचा बहर त्यांच्या मागेच गळून गेला. तिने विचारले तर म्हणाले, "बघून तरी काय करू? सांगायची पाळी माझी नाही." तेव्हा तिला कळले, की हा माणूस रान इतके बारकाईने पाहत होता ते संध्याकाळी कोणाला तरी सांगायचे म्हणून. ते सांगणेच तिने काढून घेतले होते.

रोज सकाळी ती ठरवी, आज सांगून टाकायचे. आणि रोज दुसऱ्याच कामाला लागे. सांगितले तर बुवा हाकलून देतील, आणि मग परत त्या गप्प घरात जाऊन राहायचे! या भीतीने ती दिवस ढकलत राहिली.

एके दिवशी सकाळी बुवांनी हळद, मध आणि भाकरी फडक्यात बांधली.

"कुठं निघालात?"

"पलीकडं. पोरगा अडचणीत असणार. एकदा ओ दिली आणि मग गप्प. पाय मोडून पडला असेल, ताप असेल. ओ दिलीय त्यानं. आता मला जायला हरकत नाही."

"अहो, तुमचं वय काय, ती दरी काय!"

"त्याचं काही बरंवाईट झालं तर?" म्हणून म्हातारा उतरायला लागलासुद्धा. भिवरा मुकाट्याने मागे गेली. उतरताना बुवा दोनदा घसरले. नदीशी पोचले तेव्हा पाणी असे उसळत होते की पाहूनच छाती दडपावी. घाईत नदीला विनवायचेही विसरून बुवांनी धोतर खोचून पाय पुढे टाकला मात्र, भिवराने त्यांचा हात धरून मागे ओढले.

"नका जाऊ, बुवा! तिकडं कोणी नाही. ती ओ मी दिली. भृंगराजाकडून देवविली. तुमचं ते 'बरं' ऐकवत नव्हतं मला."

बुवांनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला. मग दगडावर बसले.

"वाईट वाटलं गं," ते म्हणाले. रागावले असते तर बरे, असे भिवराला होऊन गेले.

मग त्यांनी विचारले, "पक्षी कुठाय?"

"तिथंच आहे. खिळवलाय."

"अजून?"

तिने मान खाली घातली. बुवा उठले, नदीजवळ वाकून हलकेच काही बोलले. नदीने ऐकले. पाणी गुडघ्यापर्यंत उतरले, आणि ते पुन्हा पलीकडच्या वाटेला लागले.

भिवराला काही उमगेना. "बुवा, कोणी नाही म्हटलं ना! आणि ओ नसताना त्या डोंगरावर जायचं नाही, तुम्हीच सांगितलंत."

"रिवाज रानासाठी केलाय. रानातला जीव तिथं अडकून पडलाय आणि मी इथं रिवाज सांभाळत बसू? चल, मंत्र तू घातलायस, सोडवायलाही तूच हवीस."

चढण फार कठीण होती. कड्यावर पोचले तेव्हा दिवस कलला होता. काटेसावरीच्या फांदीवर भृंगराज होता. तोंडापाशी येईल तो किडा टिपून कसाबसा जगलेला. शेपटीची एक तार तुटून गेली होती आणि पिसे विस्कटली होती. त्याला पाहताच भिवराला हुंदका आला. खिळवण्याचा मंत्र सोडवताना उलटा म्हणायचा असतो, आणि तोही जवळ उभे राहूनच. तिच्या तोंडून तो दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा नीट आला. पक्ष्याने आधी एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा, आणि मागे न पाहता उडून गेला.

तेव्हा कुठे त्यांचे लक्ष झाडाच्या बुंध्याकडे गेले. तिथे पळसाच्या पानावर वरीचा भात वाढून ठेवला होता. शेजारी द्रोणात पाणी होते.

"बुवा! कोणीतरी त्याला खायला घालत होतं!"

बुवा वाकले. भातावर काळे तीळ होते आणि पानाचे टोक दक्षिणेकडे होते. "हे पाखराचं खाणं नाही, भिवरे," ते सावकाश म्हणाले. "हे मेलेल्या माणसाचं पान आहे. आणि भात अजून ऊन आहे."

झाडापासून थोड्या अंतरावर एक दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. झाडीच्या आडोशाला असूनही त्यावर बसले की समोर बुवांचा कडा स्वच्छ दिसावा असा. दोघे त्या दगडाकडे पाहत असतानाच मागे काठी वाजली. पाठीत वाकलेली, एक पाय ओढत चालणारी एक म्हातारी झाडीतून येत होती. बुवांना पाहून ती जागीच थबकली. तिच्या हातातली काठी गळून पडली.

"आवडे?" बुवा म्हणाले.

म्हातारीचे ओठ हलले. आवाज आला नाही. तिने गळ्याला हात लावला आणि मान हलवली. त्या पावसाळ्यातल्या कसल्याशा दुखण्यात तिचा कंठ गेला होता. कंठ गेला तशी विद्याही गेली, आणि पायाने दरी उतरवेना. मग तिने कानाला हात लावला, समोरच्या कड्याकडे बोट केले, आणि हात छातीवर ठेवला. रोज. इतकी वर्षे. रोज संध्याकाळी त्या दगडावर बसून तिने अंजनाचा बहर ऐकला होता, सांबरिणीचे पिलू ऐकले होते, शेकराचे घरटे ऐकले होते. एका संध्याकाळी पाखराची ओही ऐकली होती, पण ती पलीकडे पोचली असेल असे तिच्या मनात आले नव्हते. आणि मग एकाएकी हाक यायची थांबली. तिने जमिनीकडे बोट केले, बुवांकडे पाहिले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"माझं पान वाढलंस होय!" बुवा म्हणाले.

बुवा झाडाखाली मांडी घालून बसले, ते पान त्यांनी पुढे ओढले, तीळ बोटाने बाजूला सारले आणि भात खाऊ लागले. अगदी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. आवडाई आधी घाबरली, मग तोंडाला पदर लावून हसू लागली, आणि मग पुढे येऊन तिने बुवांच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. ओठांची हालचाल पाहता शिव्यांची संततधार चालली होती. बुवा ते सगळे कानांनी ऐकल्यासारखे मान डोलवत होते.

भिवरा मात्र दूर उभी राहून रडत होती. बुवांनी द्रोणातल्या पाण्याने हात धुतला आणि तिला जवळ बोलावले.

"भिवरे, तू मला विचारलं होतंस, हाक कशाला देता. मी सवय म्हणालो, कारण मलाही ठाऊक नव्हतं. ओ येत नाही म्हणजे तिकडं कोणी नाही, असं तू समजलीस, आणि मीही मनातून तेच समजून होतो. ऐकणाऱ्याच्या कंठाला काय झालंय, ते इथून कसं कळावं? माझी हाक रोज पोचत होती. तू मायेनं ओ दिलीस, मला माहीत आहे. पण त्या ओनं मला गप्प केलं, आणि मी गप्प झालो तेव्हा हिच्या घरी मी मेलो."

भिवराने आवडाईच्या पायांवर डोके ठेवले. म्हातारीने तिला उठवले, तिचे तोंड दोन्ही हातांत धरून पाहिले आणि तिच्याही पाठीत एक धपाटा घातला. मात्र हलका.

बुवा तिथे राहिले नाहीत. त्यांना त्यांचे रान होते, तिला तिचे. निघताना त्यांनी हळद, मध आणि भाकरी तिच्या ओसरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी म्हातारा रानात हिंडायला बाहेर पडला, आणि संध्याकाळी कड्यावर उभा राहिला. "ओऽऽ आवडे! अंजन पाहायचा राहिला यंदा. पण करवंदं लागलीत! तुझ्याकडं काय?" समोरून काहीच आले नाही. नदीची गर्जना तेवढी होती. सावली माथ्याला टेकली तसे बुवा 'बरं' म्हणाले आणि परत फिरले, आणि त्या दिवशी भिवराला त्या शब्दाचे वाईट वाटले नाही.

पुढे आवडाई गेली. बुवांना आतून कळले असावे, कारण त्या संध्याकाळी त्यांनी हाक फार लांबवली. मग बुवाही गेले. भिवराने त्यांना उंबराखाली ठेवले. आता डोंगरावर ती एकटी होती, आणि समोरच्या डोंगरावर, तिच्या माहितीप्रमाणे, कोणीच नव्हते. ओ देऊन कोणी फसवील असेही माणूस जवळ नव्हते. काही काही दिवस फार जड जात. सकाळी उठून कशाला रानात जायचे, असे वाटे. पण संध्याकाळी सांगायला काहीतरी हवे, म्हणून ती जाई. आणि रोज कड्यावर उभी राहून सांगे.

एकदा सायंकाळी ती हाक देऊन नुकती वळली होती, तोच खिंडीतून मिठाच्या गोणी लादलेले बैल घेऊन एक व्यापारी वर आला. घामाघूम झालेला, पार थकलेला. खालून धुके दाटून आले होते. तिने त्याला पाणी दिले. पाणी पिऊन तो म्हणाला, "बाई, भृंगराजाला पिलं झाली म्हणत होतात, ती तुम्हीच ना?"

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं म्हणजे काय! धुक्यात वाट हरवली होती. बैल पुढं पाऊल टाकेनात. म्हटलं, संपलं आता. तेवढ्यात तुमची हाक आली. वर माणूस आहे म्हटल्यावर जिवात जीव आला. तिच्या रोखानं चढत आलो."

"मग ओ का नाही दिलीत?"

"चढणीला लागलो होतो, बाई. ओ द्यायला छातीत दम कुठं होता!"

भिवराने रिकामे भांडे त्याच्या हातून घेतले. मग तिने त्याला ओसरीवर जागा करून दिली, बैलांपुढे गवत टाकले, आणि अंधार पूर्ण पडायच्या आत पुन्हा एकदा कड्याच्या टोकाशी गेली. धुक्यात समोरचा डोंगर दिसतच नव्हता. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि मघाची बातमी पहिल्यापासून, जरा मोठ्याने, परत सांगितली.